खांबाची कपची

"दगड चाटून कुणी बरं झालेलं मी पाहिलं नाही, पण चाटणारा निदान तेवढा वेळ तरी गप्प बसतो," गेनला जाम्पेल एकदा म्हणाला होता.

यांगकीच्या चहाच्या दुकानात म्हणाला होता, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. तेव्हा लोक हसले. पुढं तिच्या भावाला, तेनपाला, पोलिसांनी नेलं, आणि मग लोकांनी तेच वाक्य पुन्हा बाहेर काढलं, उलटंपालटं करून उजेडात धरलं. गप्प बसायचं कुणाला सांगत होता? आणि स्वतः का बोलत होता? त्या दिवसांत ल्हासात माणसाचं बोलणं दुधासारखं होतं. थोडा वेळ ठेवलं की त्याचा वास बदलायचा.

यांगकीचं दुकान जोखांग मंदिराच्या प्रदक्षिणेच्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत आहे. बुटकं छत, धुरानं काळवंडलेले वासे, लांब बाकं. तिच्याकडं गोड चहा मिळतो. गिऱ्हाइकानं टेबलावर पैसे काढून ठेवायचे. ती किटली घेऊन फिरते, पेला भरते, त्या पैशांतून आपले उचलते आणि पुढं जाते. कुणी मागायचं नाही, तिनं विचारायचं नाही. पेल्याचा तळ दिसला की भरायचा. भांडण झालेल्या माणसाचासुद्धा. सगळी गल्ली तिला आचाला म्हणते, ताई म्हणावं तसं, तिच्याहून वडील माणसंही.

जाम्पेलला सगळे गेनला म्हणत, गुरुजी म्हणावं तसं. त्याची जागा ठरलेली होती. दारापासून दुसरं बाक, पाठीशी भिंत. तिथून दारही दिसायचं आणि चूलही. यांगकीला आधी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नंतर वाटू लागलं. अशी जागा कोण निवडतो? ज्याला पळायचं असतं तो, नाहीतर ज्याला कोण आलं कोण गेलं हे लक्षात ठेवायचं असतं तो. म्हाताऱ्याचे गुडघे पाहता तो पळणारा नव्हता.

तो मूळचा ल्हासाचा नव्हे, दक्षिणेकडच्या खोऱ्यातला. पोरवयात धाबी ठोकणाऱ्या टोळीत आला. छपरावर माती आणि खडीचे थर पसरायचे, बाया-पुरुषांनी ओळीत उभं राहायचं, आणि काठीच्या टोकाला बसवलेल्या दगडांनी ते थर तालावर ठोकायचे, आरशासारखे गुळगुळीत होईपर्यंत. ताल गाण्याचा. एक जण गाणं सांगणार, बाकीचे उचलून धरणार. जाम्पेल सांगणारा होता. मोठ्या सरदारांची धाबी, मठांची धाबी त्यानं गाऊन गाऊन बसवली. मग ती वर्षं आली. त्या वर्षांचं नाव कुणी घेत नाही. त्याच टोळीच्या हाती कुदळी दिल्या आणि तीच धाबी उकरायला लावली. तेव्हाही गाणं म्हणायला लावलं, वेगळं. जाम्पेलनं तेही सांगितलं. त्याची बायको त्याच सुमारास गेली, कशानं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पुढं वारं फिरलं, मठ पुन्हा उभे करायचे ठरले, आणि जुनं काम येणारी माणसं शोधताना पुन्हा जाम्पेलच सापडला. तो गेला. धाबी ठोकली. मात्र आता गाणं दुसरं कुणी सांगायचं. तो नुसता ठोकायचा.

"पाडताना हा होता, बांधताना हा होता," आकू नोरगे म्हणायचा. आकू म्हणजे काका; नोरगे हे दुकानातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, जिभेनं तिखट, एका डोळ्यानं अधू. "मधल्या मध्ये चांगली चांगली माणसं मेली. हा नाही मेला. का नाही मेला?"

न मरणं हा ल्हासात पुरावा होता. नोरगे स्वतःही मेला नव्हता, पण ते त्याला कुणी ऐकवलं नाही.

आणि मग ती भिंत.

जोखांगच्या दारासमोर, म्हाताऱ्या वाळुंजीच्या झाडापाशी, दोन दगड उभे आहेत. एक देवीचा दगड. दोनशे वर्षांपूर्वी देवीची साथ आली तेव्हा चिनी अंमलदारांनी तो उभा केला, रोग झालेल्यांनी काय करावं याचा हुकूम त्यावर कोरून. आम्हाला तो वाचता आला नाही. आम्हाला वाटलं, देवीसाठी दगड उभा केलाय म्हणजे दगडच औषध. मग पिढ्यान् पिढ्या ल्हासाच्या आया तो खरवडत राहिल्या, भुकटी लोण्यात मळून पोरांना चाटवत राहिल्या. त्या दगडाला इतके खळगे पडले की त्यालाच देवी आल्यासारखं दिसायचं. हुकुमातलं फार थोडं उरलं. "त्यांनी हुकूम काढला, आम्ही तो खाऊन टाकला," असं जाम्पेल म्हणायचा, आणि वर ते चाटण्याचं वाक्य.

दुसरा दगड म्हणजे कराराचा खांब. हजार वर्षांहून जुना. आमच्या राजानं आणि चीनच्या बादशहानं एकमेकांना दिलेली शपथ त्याच्यावर दोन्ही लिप्यांत कोरलेली आहे. त्याला कुणी कधी चाटलं नाही. त्याची अक्षरं शाबूत राहिली, आणि म्हणून त्याच्याभोवती भिंत आली. शेजारचा देवीचा दगडही तिच्याच आत गेला; आता खांबाचं वरचं टोक तेवढं दिसतं. भिंत घालणाऱ्या गवंड्यांत जाम्पेल होता. पावसानं तिचा कोपरा ढासळला की डागडुजीलाही त्यालाच बोलावत.

यांगकीचा भाऊ तेनपा तिच्याहून बराच धाकटा. आईबाप लवकर गेले, तिनंच वाढवला. थोडे दिवस मठात होता, तिथं जुनी अक्षरं शिकला; मठातून काढल्यावर मिळेल ते काम करायचा. एका वसंतात भिंतीच्या डागडुजीसाठी जाम्पेलला चिखल कालवणारा माणूस हवा होता. त्यानं तेनपाला नेलं.

संध्याकाळी तेनपा घरी आला तो तापात असल्यासारखा. हातपाय न धुताच चुलीपाशी बसला.

"आचा, मी वाचला."

"काय वाचलास?"

"खांब. सगळा नाही, खालचं झिजलंय. पण वाचला."

"आणि तो म्हातारा?"

"ते बाहेर जाऊन बसले होते. मला म्हणाले, आतला कोपरा नीट लिंप, घाई करू नको." तेनपानं मूठ उघडली. तळहातावर अंगठ्याच्या नखाएवढी दगडाची कपची होती. "पायथ्याशी पडली होती. थंडीनं सुटलेली. आतली आहे. जपून ठेव आणि कुणाला दाखवू नको."

तिनं ती घेतली. कुठल्या दगडाची, हे तिनं विचारलं नाही. तिच्या लेखी भिंतीआडच्या दगडाची कपची म्हणजे देवीच्या दगडाची कपची. तिच्या आईनं तिला चाटवली होती ती त्याचीच. दुसऱ्या एखाद्या दगडाची कपची कुणी कशाला घरी आणेल? तिनं ती देवापुढच्या दिव्याच्या मागं ठेवली आणि भावाला हात धुवायला लावलं.

दोन-चार दिवसांनी दुकानात ते बोलणं झालं. सुरुवात नोरगेनं केली, की जाम्पेलनं, यावर पुढं पुष्कळ वाद झाले. यांगकीला आठवतं ते असं. रेडिओवर कुणीतरी त्या खांबाबद्दलच सांगत होतं.

"ऐकलंस का?" नोरगे म्हणाला. "म्हणतात, खांबावरच लिहिलंय, आपला राजा भाचा आणि त्यांचा बादशहा मामा. म्हणजे तेव्हापासून एकच घर."

"लिहिलंय खरं," जाम्पेल पेल्यात बघत म्हणाला. "पुढंही काहीतरी लिहिलंय म्हणतात."

इथंच तेनपा बोलला. यांगकी त्या क्षणी चुलीकडं पाठ करून उभी होती, आणि तिला वाटलं, याच्या तोंडावर हात ठेवावा.

"भाचा मामाकडं चार दिवस राहायला जातो," तेनपा म्हणाला, "म्हणून भाच्याचं घर मामाच्या नावावर होत नाही. आणि एकच घर असतं तर हद्द कशाला लिहिली असती? पुढं लिहिलंय, हद्दीच्या पलीकडचं तुमचं, अलीकडचं आमचं. कुणी कुणावर चालून यायचं नाही, कुणी कुणाची जमीन घ्यायची नाही. सूर्याला आणि चंद्राला साक्षी ठेवलंय. आपल्याच घरातल्या माणसाशी कुणी असा करार करतं का?"

दुकान गप्प झालं. पण ते गप्प होणं भीतीचं नव्हतं, निदान सुरुवातीला. भुकेल्या माणसांच्या मध्ये कुणी गरम भांडं ठेवावं तसं ते होतं. मग नोरगेलाही राहवलं नाही.

"खांब कशाला पाहिजे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझा बाप फारीला, हद्दीच्या नाक्यावर शिपाई होता. आपल्या सरकारचा कागद बघितल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हता. मग तो चिनी व्यापारी असो नाहीतर गोरा साहेब. आपलं नाणं होतं. आपलं टपाल होतं. आपली पलटण होती, बरी-वाईट कशी का असेना. दुसऱ्याच्या माजघराला कुणी नाका बसवतं का?"

"खांब खरं बोलतो म्हणून त्याच्याभोवती भिंत आली," जाम्पेल म्हणाला. "खोटं बोलला असता तर त्याला हार घातले असते."

लोक हसले. जाम्पेलनं तळाशी एक घोट ठेवला, तो नेहमीच ठेवायचा, उद्या यायचं असल्याची खूण म्हणून, आणि उठून गेला.

त्याच आठवड्यात शेजारच्या चुंगदाच्या मुलीला ताप आला. अंगभर पुरळ. चुंगदा चुलीपाशी येऊन बसली आणि नुसती रडत राहिली. तिचा नवरा मोहल्ल्याच्या सरकारी समितीत होता. दवाखान्यात नेलं होतं, सुई दिली होती, ताप हटत नव्हता. यांगकीनं फार विचार केला नाही. दिव्यामागची कपची काढली, थोडी कुटली, भुकटी लोण्यात मळून पोरीच्या जिभेला लावली. उरलेला गोळा आपल्या जुन्या पांगदेनच्या चिंधीत बांधला. पांगदेन म्हणजे लग्न झालेल्या बाया कमरेला पुढून बांधतात ते रंगीत रेघांचं कापड. वरून निळ्या दोऱ्याच्या दोन गाठी मारल्या आणि ती पुडी पोरीच्या गळ्यात अडकवली.

"खरा आहे," ती चुंगदाच्या कानाशी म्हणाली. "भिंतीच्या आतला."

पोर बरी झाली. दगडानं, सुईनं, की पोरं होतात तशी आपली आपण, कुणास ठाऊक. चुंगदानं यांगकीच्या पायाला हात लावला. पुडी मात्र पुढच्या वेळी पोरीच्या गळ्यात दिसली नाही. अंघोळ घालताना दोरा तुटला, पडली कुठंतरी, असं चुंगदा म्हणाली. यांगकीनं ते ऐकलं आणि विसरून गेली.

मग तेनपाला नेलं. दुपारी, कामावरून. जाम्पेललाही नेलं, पण त्याला थोड्याच दिवसांत सोडलं. तेनपाला नाही सोडलं.

भिंतीच्या आत जाऊन काय केलंस, आणि बाहेर येऊन काय बोललास, एवढेच प्रश्न त्याला होते असं कळलं. तो आत गेला होता हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? दुकानाला ठाऊक होतं. दुकानातल्या प्रत्येकानं प्रत्येकाकडं पाहिलं, आणि मग सगळ्यांच्या नजरा दारापासून दुसऱ्या बाकावर येऊन थांबल्या. आत नेलं कुणी? यानं. एकटं सोडलं कुणी? यानं. "पुढंही काहीतरी लिहिलंय" असं म्हणून पोराला बोलतं केलं कुणी? यानं. आणि सुटला कोण?

"जाळ्यात पाडायला आधी दाणा टाकावा लागतो," नोरगे म्हणाला. आपण फारीच्या नाक्याबद्दल काय बोललो होतो, ते त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

यांगकीला नोरगेचं पटलं. कुणाचं तरी पटून घेणं गरजेचं होतं, नाहीतर माणूस रात्रीचा डोळा कसा मिटणार. पण नुसतं पटून ती थांबणारी नव्हती. तिला खात्री हवी होती. एकदा दुकान रिकामं असताना तिनं जाम्पेलचा पेला भरता भरता सांगितलं, "गेनला, तुम्हालाच म्हणून सांगते. ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांचा फोटो मी त्साम्पाच्या पेटीत तळाला ठेवलाय." पेटीत भाजलेल्या जवाच्या पिठाशिवाय काही नव्हतं. मग ती वाट पाहत राहिली. रोज पेटीचं झाकण जरा तिरकं ठेवायची, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. बुटांचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं.

कुणी आलं नाही.

तिनं हे नोरगेला सांगितलं. नोरगे हसला. "एवढ्याशा फोटोसाठी तो स्वतःला उघडा पाडेल होय? पोचलेला माणूस आहे." तेही तिला पटलं. जाम्पेल बोलला असता तर तो चुगलखोर ठरला असता. बोलला नाही, म्हणून तो हुशार चुगलखोर ठरला. यांगकीला कधीकधी वाटायचं, आपण एक खोली बांधलीय, तिला दार ठेवायचं विसरलोय, आणि म्हातारा आत बसलाय. पण मग तिला तुरुंगातली तेनपाची खोली आठवायची.

जाम्पेल येतच राहिला. हे सगळ्यात चमत्कारिक होतं. शरम असती तर आला नसता, असं लोक म्हणत. आला नसता तर म्हणाले असते, शरमेनं येत नाही. तो पेला संपवायचा, तळाशी घोट ठेवायचा, उठायचा. एकदा तिच्या पांगदेनकडं तो बराच वेळ बघत राहिला होता. तिला किळस आली. या वयात.

दिवस गेले, वर्षं गेली. तेनपा सुटला.

तो आला तेव्हा त्याच्या उजव्या कानाला ऐकू येत नव्हतं, आणि बसताना तो आधी हातानं जमीन चाचपायचा. यांगकीनं त्याला दोन दिवस कुणाला भेटू दिलं नाही. तिसऱ्या सकाळी लोक पांढरे शेले घेऊन दुकानात आले, एकेकानं त्याच्या गळ्यात घातले. त्याच्या आदल्या संध्याकाळी नोरगे तिला येऊन सांगून गेला होता.

"उद्या म्हाताराही येईल. येणारच तो. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. तू काही बोलू नको, कुणीच काही बोलणार नाही. फक्त त्याचा पेला भरू नको."

यांगकीनं किटलीचं झाकण बसवलं. तिच्या दुकानात हे कधी झालं नव्हतं. शिवीगाळ चालते, पेला फेकणं चालतं. भरायचं टाळणं म्हणजे हा माणूस आता आपल्यात नाही असं सांगणं. ते एकदा झालं की गल्लीत कुणाच्याही चुलीपाशी त्याला जागा नसते.

"तेनपाला विचारू?"

"त्याला काय विचारायचं. त्याला सोसायचं होतं, सोसून झालंय. आता आपलं काम."

"बरं," ती म्हणाली.

जाम्पेल आला. हातात शेला होता, जुना, घड्यांवर पिवळा पडलेला. तेनपानं त्याच्यापुढं मान लववली, इतरांपुढं लववली होती त्याहून खाली, आणि म्हाताऱ्यानं शेला घातल्यावर क्षणभर त्याच्या कपाळाला कपाळ लावलं. बाकांवर चुळबुळ झाली. यांगकीला भावाचाच राग आला. तुरुंगात याला काय पाजलंय त्यांनी, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं तिची तिलाच भीती वाटली.

जाम्पेल आपल्या जागेवर बसला. टेबलावर एक नोट काढून ठेवली, पेल्याखाली जरा सरकवून. यांगकी किटली घेऊन निघाली. नोरगेचा पेला भरला. त्याच्या शेजारच्यांचे भरले. चुलीपाशी चुंगदा बसली होती, तिचा भरला. मग दुसऱ्या बाकापाशी आली, आणि पुढं गेली.

कुणी मान वर केली नाही. पण सगळ्यांनी पाहिलं. जाम्पेलनं रिकाम्या पेल्याकडं पाहिलं, मग त्या नोटेकडं. नोट तशीच पडली होती. त्यानं ती परत उचलली नाही. धाबं ठोकताना थर बसला की नाही हे पाय टेकवून बघतात, तसा तो पेल्यावर बोट टेकवून बसला.

नोरगेला तेवढं पुरेसं झालं नाही. जखमेवर बोट दाबून बघायची त्याला सवय होती.

"तेनपा," तो मोठ्यानं म्हणाला, डाव्या कानाच्या बाजूनं. "आता सांगून टाक बाबा. तुला विकलं कुणी?"

"कुणी नाही."

"घाबरू नको. आता काय उरलंय तुझं न्यायला?"

"घाबरत नाही, आकू. मला खरंच ठाऊक नाही." तेनपा पेला दोन्ही हातांत धरून बोलत होता, थांबत थांबत, एखादी जड वस्तू पायरीपायरीनं उतरवावी तसा. "त्यांनी मला नेलं तेव्हा टेबलावर दगड होता. त्या खांबाची कपची. म्हणजे कुटलेली, लोण्यात मळलेली. ते म्हणाले, ही आतली आहे, तू आत गेला होतास. मला वाटलं, माझ्याच खिशात राहिली असेल थोडी. पण मी कशाला लोण्यात मळू?"

यांगकीच्या हातातली किटली जड झाली.

"कशात होती?" तिनं विचारलं.

"चिंधीत. रेघारेघांच्या."

"पांगदेन तर निम्मं ल्हासा बांधतं," नोरगे म्हणाला. "त्यात काय कळणार?"

"वर निळा दोरा," तेनपा म्हणाला. "दोन गाठी. मी बराच वेळ त्या गाठींकडंच बघत होतो. बघायला तिथं दुसरं काही नव्हतं. गेनलांनाही तीच दाखवली होती, शेजारच्या खोलीत. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. ही पुडी कुणाची, ओळखतोस का, म्हणून विचारलं. गेनला म्हणाले, मी गवंडी आहे, बायकांच्या चिंध्या ओळखत नाही. मग बराच वेळ नुसते आवाज येत राहिले, बोलण्याचे नाहीत. तरी ते तेच म्हणत होते."

दुकानात कुणीतरी पेला खाली ठेवला.

चुलीपाशी चुंगदानं डोक्यावरचं फडकं पुढं ओढलं. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. अंघोळ घालताना दोरा तुटला, असं म्हणाली होती ती. तिनं आनंदानं नवऱ्याला सांगितलं असेल, बघा, आतला दगड मिळाला, पोर वाचली. त्यानं पोरीच्या गळ्यातून ती काढली असेल आणि वर नेऊन दिली असेल, घाबरून, की इमानानं, की दोन्हीनं. यांगकीला पुढं विचार करावा लागला नाही. ती कपची देवीच्या दगडाची नव्हतीच. पोरानं वाचला तो खांब, त्याचाच तो तुकडा, आणि तिनं तो औषध म्हणून वाटला होता. भावाला तिनं आपल्याच हातानं, दोन गाठी मारून, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं.

आणि दारापासून दुसऱ्या बाकावर बसणारा माणूस रोज तिचं पांगदेन बघत होता.

ती मागं वळली. दुसऱ्या बाकापाशी आली आणि जाम्पेलचा पेला भरू लागली. चहा काठापर्यंत आला, थोडा त्या नोटेवर सांडला.

"आचाला," नोरगे हळूच म्हणाला, "चुकून चाललंय वाटतं."

"चुकून नाही." ती जाम्पेलकडं बघत होती. "गेनला, तुम्ही ओळखली होती ती पुडी."

म्हाताऱ्यानं भिजलेली नोट बोटानं बाजूला सरकवली.

"बघा," नोरगे बाकीच्यांना म्हणाला. "तोंड उघडत नाही. आता तरी पटलं?"

"आकू, जरा थांबा. ऐका सगळे," यांगकी म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "ती पुडी..."

जाम्पेलनं पेल्यावर पालथा तळहात ठेवला. आता पुरे, असं म्हणायला ठेवतात तसा. वाफ त्याच्या बोटांमधून येत होती, तरी त्यानं हात काढला नाही. तो चुलीकडं बघत होता, फडक्याआड वाकून बसलेल्या चुंगदाकडं. पुडी कुणाची ते निघालं तर उद्या कुणाचा पेला रिकामा राहणार, हे उघड होतं. मग त्यानं यांगकीकडं पाहिलं आणि मान अगदी थोडी, नकारार्थी, हलवली. सगळ्या दुकानात ते फक्त तिला दिसलं.

तिनं पुढचं वाक्य गिळलं.

त्यानं हात काढला. तळवा लाल झाला होता. टोपी उचलली, गुडघ्यावर हात टेकून उठला, भरलेल्या पेल्याला ओठही न लावता बाकांमधून वाट काढत गेला, दाराचा जाड पडदा बाजूला सारला आणि बाहेर उन्हात निघून गेला.